निष्प्रयोजन प्रवासाचे प्रयोजन

खानदेशात मनुष्य घराबाहेर पडला की तो कोठे तरी, कोणाकडे तरी आणि कशासाठी तरी निघालेला असतो, अशी जनतेची दृढ श्रद्धा आहे. लग्न, मयत, बाजार, दवाखाना, कचेरी आणि केळीची गाडी भरणे ही प्रवासाची मान्यताप्राप्त कारणे असून ‘सहज’ या कारणाचा समावेश त्या यादीत अद्याप झालेला नाही. फैजपुरात तर ही श्रद्धा इतिहासानेच पक्की करून ठेवली आहे. काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन १९३६ च्या डिसेंबरात याच गावी भरले. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष म्हणून आले, नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्याच साहित्यातून तिलकनगर सजवले, आणि मंडळी परतली ती शेतकऱ्यांविषयी एक कार्यक्रम मंजूर करूनच. पाहुणा आला म्हणजे काही तरी मंजूर होते, असा ज्या गावाचा पूर्वानुभव, त्या गावाच्या रस्त्यावरून शिरस्त्राण घातलेला, नारिंगी बंडी ल्यालेला आणि मुठीवर चमकते यंत्र बसवलेल्या सायकलीवर स्वार झालेला प्रौढ इसम केवळ हवा खाण्यासाठी चालला आहे, हे कोणी कसे मानावे?

सायकल माझी नव्हे, पुण्याच्या भाच्याची. हिला ग्रॅव्हल बाईक म्हणतात, असे त्याने मला दीक्षा देताना सांगितले. तिच्या मुठी मेंढ्याच्या शिंगांप्रमाणे खाली वळलेल्या, टायर चांगले ४० मिलिमीटर रुंद आणि त्यांत हवा बुद्ध्याच कमी, ब्रेक चकतीचे, आणि गिअर इतके हलके की चढावर पाय भराभर फिरतात, मात्र शेजारून चालणारी बकरी पुढे निघून जाते. अमेरिकेतील कॅन्सस प्रांतात २००६ पासून अशा सायकलींची दोनशे मैलांची शर्यत खडीच्या रस्त्यांवरून होते, आणि २०२२ पासून तर या विद्येचे जागतिक अजिंक्यपदही दिले जाते, ही माहितीही त्यानेच पुरवली. “मामा, यात डांबरी रस्ता टाळायचा असतो,” असे तो म्हणाला. आमच्या तालुक्यात डांबरच माणसाला टाळते, तेव्हा या बाबतीत प्रवाशाने वेगळे परिश्रम घेण्याची आवश्यकता नाही, हे मी त्याच्या नजरेस आणून दिले. त्याने त्याची एक सायकल माझ्या हवाली केली, दुसरी स्वतः घेतली, आणि पौषातल्या एका गारठ्याच्या सकाळी आम्ही सातपुड्याच्या रोखाने कूच केले.

खिरोद्याच्या दिशेने निघालो, म्हणजे मुख्य रस्ता सोडून केळीच्या बागांमधल्या शिवाररस्त्यांनी. दोन्ही बाजूंस केळीच्या भिंती, मध्ये बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि वर आभाळाची एक अरुंद पट्टी, अशा त्या बोळातून जाताना समोरून येणाऱ्या माणसास चुकवणे अशक्य, आणि त्याच्या प्रश्नास चुकवणे त्याहून अशक्य.

“काय भाऊ, कोठी चालले?”

“पालले.”

“पालले काय काम काढलं?”

“काम काही नाही. सहज.”

यावर त्या गृहस्थाने माझ्याकडे, मग भाच्याकडे, मग मुठीवरच्या यंत्राकडे पाहिले आणि एक अक्षरही न बोलता मान हलवली. ती मान अविश्वासाची नव्हती. सरकारी गोपनीयतेचा आदर करणाऱ्या सुज्ञ नागरिकाची होती. मोटारीने जाणारा मनुष्य अशा तपासणीतून सुटतो, कारण त्याला कोणी गाठू शकत नाही, आणि पायी जाणारा सुटतो, कारण तो बहुधा ओळखीचाच असतो. खडीवरच्या सायकलस्वाराचा वेग मात्र नेमका जबानी घेण्यास सोयीचा असतो.

बागा संपल्या आणि जमिनीने रंग बदलला. तापीकाठची काळी, चिकट, खोल माती मागे राहिली, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी चाकांखाली गोटे, वाळू, खडे यांचा खडखडाट सुरू झाला. भूशास्त्रज्ञ या पट्ट्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून वेगाने उतरणारे नद्यानाले सपाटीवर आले की त्यांचा जोर सरतो, आणि आणलेले ओझे ते तेथेच टाकून देतात. युगानुयुगे साचलेल्या या गोट्यावाळूत पाणी झपाट्याने मुरते, आणि खाली यावल-रावेरच्या विहिरींना तेच पोहोचते. ज्या केळीने जळगावचे नाव दूरदूर नेले, ती केळी या दगडगोट्यांच्या पुण्याईवर उभी आहे. उपसा मुरण्यापेक्षा अधिक झाला तशा विहिरी आटल्या, कूपनलिका शेकडो फूट खाली गेल्या, आणि तापीचे पुराचे पाणी कालव्यांनी या पायथ्याशी आणून जिरवण्याची मेगा रिचार्ज योजना निघाली. तिच्यासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात २०२५ च्या मे महिन्यात करारही झाला.

इतके शास्त्र ज्ञात असताना, एका कोरड्या नाल्याच्या पात्रात उतरून टायरमध्ये रुतलेला खडा उपटून काढणे आणि तो उन्हात धरून न्याहाळणे हे कृत्य किती अर्थपूर्ण दिसत असेल, याचा विचार भाच्याने करावयास हवा होता. त्याने तो न्याहाळला, यंत्राकडे पाहिले, आणि वर खणखणीत आवाजात मला समुद्रसपाटीपासूनची उंची सांगितली. काठावर बघता बघता माणसे जमली.

“साहेब, पाट आमच्या वावरातून जाईन का वरतून?” एकाने विचारले.

आम्ही साहेब नसून सायकलस्वार आहोत, हे मी नम्रपणे निवेदन केले.

“तसं सांगाच लागतं तुमाले,” एक वृद्ध समजुतीने म्हणाले. “समजतं आमाले.”

मग सायकलीच्या किमतीची चौकशी झाली. भाच्याने ती प्रामाणिकपणे सांगितली, आणि आमचा खटला तेथेच निकालात निघाला. कारण एवढ्या किमतीची सायकल कोणताही शहाणा मनुष्य पदरच्या पैशाने घेत नाही, सबब ती सरकारी, सबब तिच्यावर बसलेले इसमही सरकारी, हा युक्तिवाद इतका बिनतोड होता की क्षणभर मलाही माझ्या नेमणुकीची तारीख आठवू लागली. वृद्धांनी बंडीच्या खिशातून घडी घातलेला अर्ज काढला. कोणी तरी अधिकारी कधी तरी येईल या भरवशावर तो लिहून तयारच असावा, कारण मायन्यात ‘मेहेरबान’ पुढची जागा कोरी होती. आमच्या नाल्यात बांध घालून पावसाचे पाणी येथेच मुरवावे, इतकीच त्यात विनंती होती. मी तो नाकारला, तेव्हा ‘लाजू नका’ असे म्हणून त्यांनी तो माझ्या पिशवीत स्वहस्ते सारला.

घाटात यावल अभयारण्याच्या सावल्या सुरू झाल्या. साग पानगळीच्या बेतात, अंजन मात्र आपली जोडपाने सांभाळून ताठ, सालईच्या खोडांवर उन्हाची तकाकी. अशा रम्य स्थळी निसर्गवर्णन करावे असे फार मनात होते, परंतु चढ चढणाऱ्या मनुष्यास निसर्गाचा जो भाग दिसतो तो पुढच्या चाकाच्या पुढे दोन हात एवढाच, आणि तेथे अंजन नव्हते, गिट्टी होती. एका नाक्यावर नोंदवहीत नाव, गाव आणि प्रयोजन लिहावयाचे होते. तिसऱ्या रकान्यापाशी मी थबकलो. पहारेकऱ्याने माझी अडचण ओळखली, पिशवीतून डोकावणारा अर्ज पाहिला, आणि स्वतःच्या सुवाच्य अक्षरात ‘पाहणी’ असे लिहून मला मोकळे केले.

पाल हे खोलगट जागी वसलेले, थंड हवेचे, हरिणांच्या पैदाशीचे आणि कृषी विज्ञान केंद्राचे गाव. तेथून सुकी नदीच्या काठाने आम्ही गारबर्डी धरणाकडे वळलो. नदीकाठची पायवाट हा या सायकलीचा आवडता विषय आहे, असे भाच्याचे मत. परंतु पायवाटा गुरांनी आखलेल्या असतात आणि गुरांना सरळ जाण्याची घाई नसते. यंत्राचा नकाशा सरळ नदी ओलांडा म्हणे, वाट झुडपांत शिरे, आणि सायकल, जिच्यावर आम्ही बसावे अशी योजना होती, ती बराच वेळ आमच्या खांद्यावर बसून नदीची शोभा पाहत होती. पाण्यावर म्हशी सोडून बसलेल्या एका पोराने तेवढे आमचे प्रयोजन विचारले नाही. “हिचं चाक निघतं का?” एवढेच त्याने विचारले, आणि भाच्याने चाक काढून दाखवताच तो कृतार्थ होऊन निघून गेला. त्या दिवसातील आमचे एकमेव सफल सरकारी काम ते.

परतीस आम्ही दक्षिणेकडे, तापीच्या बाजूस उतरलो, तो वार्ता आमच्या पुढे पोहोचलेली. भरिताच्या वांग्यांसाठी नामांकित असलेल्या बामणोदला एका मळ्यात तुराट्यांवर वांगी भाजण्याचा वास आला आणि शरीराने तेथेच मुक्काम जाहीर केला. हिरव्या मिरच्यांचे भरीत, कळण्याच्या पुऱ्या आणि वर कच्चा कांदा, असा सरंजाम समोर आला. पैशांची गोष्ट काढताच यजमान दुखावले. मात्र त्यांच्या वृद्ध मातोश्री इतरांप्रमाणे भोळ्या नव्हत्या.

“कायचे साहेब हे,” त्या म्हणाल्या. “साहेब इतलं खात नाही.” मग पुन्हा पुरी वाढीत म्हणाल्या, “पन तो कागद घेतला ना तुमी? मंग तो पोचवा. घेतला त्याने पोचवावा.”

या निवाड्यावर अपील नव्हते. दुसऱ्या दिवशी फैजपुरातील प्रांत कचेरीत, जिच्या हद्दीत यावल आणि रावेर हे दोन्ही तालुके येतात, मी मायन्यातली कोरी जागा भरून तो अर्ज आवक बारनिशीत दाखल केला. “आपलं काय काम होतं?” असे खिडकीतून विचारले गेले, आणि आदल्या दिवसापासून प्रथमच त्या प्रश्नास माझ्यापाशी ठाम उत्तर होते. शिक्का उमटवून मिळालेली पोच मी सायकलीच्या पिशवीत ठेवली आहे. भाचा तिला खडीच्या शर्यतीतले पदक म्हणतो. मी तिला परवाना समजतो, कारण आता खिरोद्याच्या शिवारात कोणी ‘कोठी चालले?’ म्हणून हटकले तर मी म्हणतो, “तुमच्या नाल्याचं काय झालं ते पाहाले,” आणि रस्ता तात्काळ मोकळा होतो.