चौकोन, वर्तुळ आणि दोन दांडे

आमच्या धाकटीने एम.एस्सी.ला ‘ह्युमन डेव्हलपमेंट’ घेतलं, तेव्हा आईने विचारलं, “म्हणजे स्वयंपाकाचं का गं?” शेजारचे नाना म्हणाले, “पोरं वाढवायला डिग्री? मग आम्ही काय नापास झालो?” नानांचे दोन्ही मुलगे नानांशी कामापुरतंच बोलतात. पण ते असो.

आईची तरी काय चूक? हा विषय गृहविज्ञानातच वाढलेला. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात १९५० साली गृहविज्ञानाची विद्याशाखा निघाली, तेव्हा कुलगुरू होत्या हंसा मेहता. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ येऊ घातले होते, तिथे ‘सर्व माणसं’ करायला लावलं ते याच बाईंनी. त्या विद्याशाखेच्या पाटीवर आता ‘फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस’ आहे. पाटी बदलली, तरी धाकटीच्या वर्गात मुलगा एकही नाही. पुरुष कुटुंबात असतात, अभ्यासक्रमात नसतात.

पहिल्याच सत्रात निरीक्षण आलं. नियम कडक. मुलाला हात लावायचा नाही, मध्ये बोलायचं नाही, ‘हट्टी’, ‘गुणी’ असली विशेषणं लिहायची नाहीत. घड्याळ लावून दिसेल तेवढंच टिपायचं. भाचीच्या सासरी साडेतीन वर्षांचा पिंट्या मिळाला. धाकटी वही घेऊन कोपऱ्यात बसली. मी ती वही नंतर चोरून वाचली. ‘९.०२ : मूल चिवड्याची वाटी उपडी करतं. ९.०३ : आजी म्हणते, बाप अस्साच होता. ९.०४ : बाप मोबाइलमध्ये. ९.०५ : मूल बापाकडे बघतं. एकेक शेंगदाणा उचलून सोफ्याच्या फटीत घालतं. ९.०९ : आजोबा धपाटा घालतात. ९.१० : आजोबा चॉकलेट देतात.’ शेरा नाही, विशेषण नाही. निरीक्षण पिंट्याचं होतं. नापास भलतेच झाले.

हे शास्त्र आता शहाणं झालंय, पूर्वी फार उत्साही होतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने १९२० साली विद्यार्थिनींच्या सरावासाठी चक्क जिवंत बाळ आणलं. अनाथ मूल, आणि मुलींनी पाळी लावून त्याची आई व्हायचं. नाव ठेवलं डिकी डोमेकॉन. आडनाव ‘डोमेस्टिक इकॉनॉमी’वरून! पुढे अशी बरीच बाळं आली, आणि शास्त्रशुद्ध वाढलेली म्हणून दत्तक घ्यायला त्यांना मागणीही होती. एका बाळाला इतक्या आया म्हणजे आमचं पेणचं आजोळच की. फक्त तिथे मार्क मिळत नसत.

त्यानंतर १९२८ साली जॉन वॉटसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आईबापांसाठी पुस्तक लिहून बजावलं की मुलांना कुशीत घेऊ नका, मुके घेऊ नका, सकाळी फार तर शेकहँड करा. धाकटीने हे हसत हसत वाचून दाखवलं. मी काही बोललो नाही. आमच्या अप्पांनी शेकहँडसुद्धा केला नव्हता.

खरी गंमत नातेसंबंधांच्या पेपरला झाली. जेनोग्राम काढून आणा. म्हणजे तीन पिढ्यांचा नकाशा : पुरुष चौकोन, बाई वर्तुळ, गेलेल्या माणसावर फुली. जवळीक असेल तर दुहेरी रेघ, भांडण असेल तर नागमोडी, आणि बोलणंच बंद असेल तर रेघ मध्येच तोडून तिथे दोन छोटे दांडे. आमच्याकडे आजोबांनी लिहिलेली वंशावळ आहे, नऊ पिढ्यांची. तिच्यात वर्तुळंच नाहीत.

कार्डशीट जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि एरवी त्या पोरीला काय शिकवतात हे न विचारणारं घर भोवती जमलं. ही म्हणाली, “माझी नि वहिनींची नागमोडी कशाला? साधी काढ. लोक काय म्हणतील?” लोक म्हणजे धाकटीच्या मॅडम. आई म्हणाली, “माझी नि अप्पांची दुहेरी काढ हो.” धाकटीने पेन्सिल धरून विचारलं, “नक्की, आजी?” आईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. “बरं, साधी काढ.”

दापोलीच्या दादांबद्दल मात्र एकमत होतं. आगरातली विहीर सामायिक, पाण्याच्या पाळीवरून वाजलेलं, अकरा वर्षं झाली. तुटकी रेघ, दोन दांडे. धाकटीने ते पट्टी लावून काढले. तयार नकाशाचा फोटो आत्याने कौतुकाने फॅमिली ग्रुपवर टाकला. दादा त्या ग्रुपवर आहेत, हे ती विसरली. ते तिथे बोलत नाहीत, पण रोज सकाळी सगळ्यांचं सगळं वाचतात.

सबमिशन सोमवारी होतं. रविवारी रात्री साडेनऊला धाकटीचा फोन वाजला. आवाज स्पीकर न लावताही ऐकू येत होता. “ते दोन दांडे कुणी काढायला सांगितले गं? बापाला दे तुझ्या फोन.”

फोन माझ्या हातात आला. अकरा वर्षांनी दादा पहिलं वाक्य बोलले ते मंगळवारच्या पाळीबद्दल. मग बुधवार आला, मग पंप, मग पंपाचं वीजबिल. मी ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यामधले आवाज काढत होतो. तेवढ्यात धाकटीने कार्डशीट ओढून घेतलं आणि खोडरबर उचललं.

“थांब गं,” आई म्हणाली, “इतक्यात पुसू नकोस. बिलाचं होऊ दे आधी.”