आईलमामा

शिरवळ सोडून खंबाटकीच्या दिशेनं निघालं की हायवेच्या कडेला एक कडुलिंब लागतो. त्याच्याखाली पत्र्याची टपरी, टपरीपुढे आडवं कापलेलं बॅरल आणि बॅरलशेजारी ट्रकच्या जुन्या सीटवर मांडी घालून बसलेले मामा. टपरीवर पाटी नाही. देवळाला कुठे पाटी लागते?

मामांचं नाव मला माहीत नाही. ट्रकवाले त्यांना 'आईलमामा' म्हणतात. असे मामा जिथं जिथं डिझेल जळतं तिथं सापडतात. कळंबोलीच्या स्टील मार्केटात एक असतो, नाशिकच्या द्वारकेला एक असतो, नागपूरच्या वाडीत एक असतो. चेहरे निराळे, पण तर्जनी आणि अंगठा तोच. गाडी थांबते, बॉनेट किंवा केबिन उचललं जातं. मामा डिपस्टिक उपसतात, तिच्या टोकाचा थेंब तर्जनीवर घेतात, अंगठ्यानं रगडतात आणि डोळे मिटतात. त्या वेळी कुणी बोलायचं नसतं. मग बोट नाकाशी जातं. (जिभेवरही जातं, असं ड्रायव्हर शपथेवर सांगतात. मी पाहिलेलं नाही, आणि पाहायची इच्छाही नाही.) मग निकाल येतो. "अजून दोन खेपा काढंल." किंवा, "उतरव आत्ताच. ह्याच्यात जीव न्हाय."

माझा नि मामांचा संबंध आला तो चुलतभावाच्या खडी क्रशरमुळे. मी शाळामास्तर. भावाचं म्हणणं, तुला हिशोब येतो, रविवारी येऊन वह्या बघत जा. दोन टिपर, एक जेसीबी आणि एक पोकलेन एवढा संसार. आपल्याकडे पिवळं, पुढे सूप आणि मागे सोंड असलेलं यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, ते जेसीबी. आणि पट्ट्यावर चालणारं कुठल्याही कंपनीचं असो, ते पोकलेन. हे मूळ एका फ्रेंच कंपनीचं नाव, हे मी एकदा मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "आसंल. आमच्याकडं तर वनस्पती तुपाला समदे डालडाच म्हणत्यात." पुढे माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही.

मामांचं ऑइलशास्त्र आयुर्वेदावर उभं आहे. काही ऑइल उष्ण पडतात, काही थंड. वाळूच्या गाडीला थंड ऑइल लागतं, उसाच्या गाडीला चालतं कुठलंही, कारण "ऊसच मुळात थंड." दोन कंपन्यांचं ऑइल एका चेंबरमध्ये ओतणं म्हणजे दोन विहिणी एका मांडवात. इंजिनाचं नवं बोअर काम झालं असेल तर पहिले पाच हजार किलोमीटर पथ्य. घाटात पहिल्या गिअरमध्ये चढून आलेली गाडी लगेच बंद करायची नाही, दोन-तीन मिनिटं नुसती चालू ठेवायची, "दमलेल्या बैलाला लगीच पाणी दावत न्हाईत." हे शेवटचं मात्र कंपनीच्या पुस्तकातही आहे, बैल वगळून. टर्बो मिनिटाला लाखभर फेरे घेत असतो. इंजिन बंद झालं की ऑइलचा पंपही बंद होतो आणि तापलेल्या बेअरिंगमध्ये अडकलेलं ऑइल तिथंच करपतं.

मी मास्तर असल्यामुळे पुस्तक वाचलं होतं. म्हणून एकदा त्यांना बादलीवरचं '15डब्ल्यू-40' समजावून सांगायला बसलो. मामांच्या मते डब्ल्यू म्हणजे वजन. पंधरा वजनाचं ऑइल, विसापेक्षा हलकं, म्हणजे हलक्या दर्जाचं. मी म्हणालो, डब्ल्यू म्हणजे विंटर. मामांनी वर कडुलिंबाकडे पाहिलं, मग तापलेल्या डांबराकडे पाहिलं.

"कुटला विंटर, मास्तर?"

प्रश्न बिनतोड होता. 15डब्ल्यू ऑइल उणे 20 अंशांतही इंजिन फिरू देतं, 20डब्ल्यू उणे 15 पर्यंत. इकडे महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठले तर वर्तमानपत्रात फोटो येतो. मी जरा सावरून म्हणालो, "पिठल्याचं बघा मामा. गरम असतं तेव्हा वाहतं, गार झालं की त्याची वडी पडते. ऑइलचंही तसंच. सकाळी पहिल्या सेल्फला ते घट्ट असलं तर वरच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि इंजिन सगळ्यात जास्त झिजतं ते तेव्हाच. उलट गरम झाल्यावर फार पातळ झालं तर बेअरिंगमध्ये टिकत नाही. मागचा 40 आहे ना, तो 100 अंशांवरच्या घट्टपणाचा. म्हणजे हे असं पिठलं की जे गार झालं तरी वडी पडत नाही, आणि गरम झालं तरी ताटाबाहेर पळत नाही."

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तसलं पिठलं खाणार कोण?"

तरी अज्ञान एकट्या मामांच्याच वाट्याला आलं होतं असं नाही. नव्या ऑइलची पहिली आठवण म्हणजे, टिपरमध्ये ओतल्यावर चार दिवसांत ते डांबरासारखं काळं झालेलं मी पाहिलं आणि दुकानदारानं भेसळ दिली म्हणून भांडायला निघालो. मामांनी थांबवलं. "मास्तर, वैनी धुणं धुत्यात. घमेल्यातलं पाणी पांढरंशिप्पट ऱ्हायलं, तर कापडं धुतली म्हनायची का?" बरोबर होतं. डिझेल इंजिनाच्या ऑइलमध्ये धुवून काढणारी नि काजळी धरून ठेवणारी रसायनं असतात. काजळी लायनरवर बसण्यापेक्षा ऑइलात तरंगलेली बरी. काळं पडणारं ऑइल कामसू, आणि महिनोन्‌महिने मधासारखं दिसणाऱ्याचाच संशय घ्यावा. हे मला ज्यांनी शिकवलं ते उष्ण-थंड मानणारे होते, म्हणून माझी पंचाईत.

खरी फजिती जेसीबीच्या वेळी झाली. जेसीबीचं वय किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, तासांत मोजतात. मीटरवरचे तास मी दर रविवारी टिपून घ्यायचो आणि ऑइलची पातळीही. एका रविवारी दिसलं की ऑइल कमी झालंच नव्हतं. पुढच्या रविवारी ते वरच्या खुणेच्याही वर होतं. मी वहीत लाल शाईनं लिहिलं : 'ऑइल खपत शून्य. अंदाजे दीड लिटर वाढ.' भावाला दाखवलं. त्यालाही बरं वाटलं. घरात कुठल्याच गोष्टीची वाढ नव्हती, ऑइलची तरी झाली. संध्याकाळी मामा आले, वही पाहिली आणि माझ्याकडे पाहत म्हणाले,

"मास्तर, आईल व्यालं का?"

डिपस्टिक निघाली. थेंब बोटावर आला. या वेळी मामांनी डोळे मिटलेच नाहीत. खिशातून कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका काढली, तिच्या कोऱ्या पाठीवर थेंब टेकवला आणि आम्ही तिघं तो पसरताना पाहत उभे राहिलो. मधे काळा ठिपका, भोवती करडं कडं, आणि त्याच्याही बाहेर फिकट, ओलसर, पारदर्शक वर्तुळ. "हे भायेरचं डिझेल," मामा म्हणाले. इंजेक्टर गळत होता. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या कडेनं खाली चेंबरमध्ये उतरत होतं आणि ऑइल पातळ करत होतं. आणखी पन्नास तास चालवली असती तर क्रँकची बेअरिंगं गेली असती, इंजिन बसलं असतं. कागदावर थेंब टाकून असं निदान करण्याची पद्धत प्रयोगशाळांतही आहे, हे मी नंतर वाचलं. तिथं गाळणकागद वापरतात. मामांची पत्रिका 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'वाली होती, एवढाच फरक.

त्या वहीतलं ते पान मी फाडलं. मामांनी ते वाचलं होतं, हे मात्र फाडता आलं नाही.

आता, मामा ऑइल निवडतात कसं? इथं मी त्यांची बाजू घेणार नाही. बादलीच्या झाकणाखाली मिस्त्रीलोकांसाठी कूपन असतं. ज्या ऑइलाचं कूपन मोठं, ते मामांच्या इंजिनांना मानवतं. यात चोरी नाही. कूपनं विठोबाच्या तसबिरीच्या चौकटीत सगळ्यांना दिसतील अशी खोचलेली असतात. दुसरा निकष बादली. ऑइल संपतं, पण वीस लिटरची बादली मागे उरते. मामांच्या घरी अंघोळीची बादली ऑइलची, धान्य ऑइलच्या बादलीत, तुळस ऑइलच्या बादलीत. एका कंपनीनं कडी पातळ केली तेव्हा मामांनी त्यांचं ऑइल वर्षभर बंद ठेवलं. कारण विचारलं तर म्हणाले, "उष्ण पडतंय."

'वंगण' या आपल्या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि मामांना दोन्ही पाठ आहेत. त्यांचे वडील बैलगाडीच्या आसाला एरंडेल लावायचे. एका मोठ्या ऑइल कंपनीचं नाव, कॅस्ट्रॉल, इंग्रजीतल्या एरंडेलावरूनच आलेलं आहे, हे सांगितलं तेव्हा मामांना आनंद झाला. कंपनी आपल्या वडिलांकडूनच शिकली, असं ते तेव्हापासून धरून चालतात.

मग 2021 साली भावानं नवा टिपर घेतला. बीएस-6. मामांनी त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि दुसऱ्या टाकीपाशी थांबले.

"ह्यात काय घालायचं?"

"युरिया. पाण्यातला. साडेबत्तीस टक्के."

"आमच्या उसाला सोसायटीत युरिया मिळत न्हाय," मामा म्हणाले, "आन ही गाडी खाती?"

पुढे सायलेन्सरमध्ये काजळी धरणारी गाळणी आहे, ती स्वतःच काजळी जाळून टाकते, पण ऑइलची राख मात्र जळत नाही, ती तिथंच साठते, म्हणून या गाडीला कमी राखेचं ऑइल, बादलीवर सीके-4 लिहिलेलं, असं मी सांगायला लागलो. मामा हसले. "राख? इंजिन हाय का चूल?" भावानंही मामांचंच ऐकलं. टिपरमध्ये मामांचं नेहमीचं जाडजूड ऑइल पडलं, पुढच्या बदलीलाही तेच, त्याच्या पुढच्याही.

मामांची चूक होती, पण ती कुठून आली ते समजून घ्यावं लागतं. त्यांच्या उमेदीच्या काळात डिझेलमध्ये गंधक फार. गंधक जळून आम्ल व्हायचं, ते मारायला ऑइलमध्ये भरपूर क्षार लागायचे, आणि क्षार म्हटले की राख आलीच. बीएस-3च्या डिझेलमध्येसुद्धा दहा लाखांत 350 भाग गंधक चालायचं, बीएस-6मध्ये 10. रोगच गेला होता. मामा अजून काढा पाजत होते.

दीडेक वर्षात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. गाडीत दम राहिना. वर्कशॉपमधल्या पोरानं लॅपटॉप जोडला, ऑइलची बिलं मागितली आणि बिलांकडे बघून शिट्टी वाजवली. गाळणीत राख. सफाईचा आकडा भावानं मला सांगितला नाही, वहीत घालायलाही दिला नाही. मामा आठवडाभर क्रशरकडे फिरकले नाहीत.

शेवटी मीच एका संध्याकाळी त्यांच्या टपरीकडे गेलो. आत बल्ब लागला होता. मामांचा नववीतला नातू पालथ्या बादलीवर बसून टिपरचं इंग्रजी पुस्तक शाळेतल्या कवितेच्या चालीवर मोठ्यानं वाचत होता, आणि दर ओळीला त्याचं मराठी करत होता. मामा समोर हात जोडल्यासारखे बसले होते. "सल्फेटेड ॲश, म्हणजे राख, एक टक्क्याच्या वर नको." मामांनी बोटावर मोजल्यासारखं केलं. मी आवाज न करता परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी टिपर टपरीपुढे उभा राहिला. चार ड्रायव्हर जमले. मामांनी नव्या, बंद बादलीचं झाकण फोडलं, बोट बुडवलं, अंगठ्यानं रगडलं, डोळे मिटले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "सीके-फोर. राख टक्क्याच्या आत. ह्या गाडीला हेच." ड्रायव्हर एकमेकांकडे पाहायला लागले. एकानं तर बोटाला नमस्कार केला.

बादलीवर हाताच्या पंजाएवढ्या अक्षरांत तेच लिहिलेलं होतं. मामांनी एक डोळा अर्धा उघडून माझ्याकडे पाहिलं.

"काय मास्तर, बरोबर हाय न्हवं?"

व्यालेल्या ऑइलची गोष्ट त्या चौघांपैकी कुणालाच अजून माहीत नव्हती.

"मामा," मी म्हणालो, "तुमच्या बोटाला तोड नाही."