तांदूळ निवडण्याचा अधिकार

मराठीत ‘निवडणे’ हे क्रियापद दोन ठिकाणी राबतं. आमदार निवडला तर त्याला लोकशाही म्हणतात. तांदूळ निवडला तर अडाणीपणा, निदान रेशनवर पोषणयुक्त तांदूळ आल्यापासून तरी. १५ ऑगस्ट २०२१ रोजी लाल किल्ल्यावरून घोषणा झाली की २०२४ पर्यंत सरकारी योजनांमधला तांदूळ पोषणयुक्त होईल. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ कालवायचं, यंत्रातून त्याचे दाणे पाडायचे आणि शंभराला एक या प्रमाणात ते साध्या तांदळात मिसळायचे. हा पाहुणा दाणा रंगाला जरा निराळा, धुताना कधी वर तरंगणारा. मग राज्यात ठिकठिकाणी ‘प्लास्टिकचा तांदूळ आला’ अशी ओरड झाली, बायांनी सूप घेतलं, दाणे वेचले आणि फेकले. जागृती कमी पडते, असं म्हणत तज्ज्ञ हळहळले.

जागृती भरपूर असली म्हणजे काय होतं, हे बघायला नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावचा घाट उतरून शहरात यावं. तिथल्या जागृत नागरिकाच्या टेबलावर मल्टिव्हिटॅमिनचा डबा असतो, आणि तो त्याने मोबाईलवरच्या एका पिळदार दंडाच्या तरुणाचं ऐकून, स्वतःच्या अकलेने निवडलेला असतो. रक्त तपासलेलं नसतं. डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं कायद्याने छापावं लागतं, ते त्याने वाचलेलं नसतं. कुंपणाशेजारच्या शेवग्याच्या पानांकडे तो ढुंकून पाहत नाही, पण तीच वाळवून, कुटून, ‘मोरिंगा’ होऊन कॅप्सूलमध्ये आली की रांगेत उभा राहतो. निरोगी माणसाने हृदयविकार-कर्करोग टाळायला मल्टिव्हिटॅमिन घ्यावं की नाही, हे ठरवण्याइतका पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने २०२२ मध्ये सांगितलं. फिनलंडमध्ये तर २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला होता. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढलेला निघाला. याउलट, गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं तर बाळाच्या मज्जारज्जूतले दोष मोठ्या प्रमाणात टळतात, हे १९९१ पासून पक्कं आहे. म्हणजे गोळी खोटी नाही. ज्याच्यात जे कमी आहे त्याला ते दिलं तर ती लागू पडते, एवढंच. आणि ‘तुझ्यात काय कमी आहे?’ हा प्रश्न आपल्याकडे फक्त लग्नाच्या बैठकीत विचारला जातो.

नंदुरबारमध्ये हा प्रश्न जास्त बोचतो, कारण तिथल्या भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेलच्या रुग्णाला डॉक्टर फॉलिक ॲसिड आवर्जून देतात. पण वारंवार रक्त चढवावं लागलं तर शरीरात लोह साठत जातं आणि ते काढायला वेगळे उपचार लागतात. रेशनच्या त्या एका दाण्यात औषधही आहे आणि पथ्यही. म्हणूनच अन्न पोषणयुक्त करण्याच्या २०१८ च्या नियमांत, सिकलसेलच्या रुग्णांनी लोहयुक्त केलेलं अन्न खाऊ नये, असा इशारा छापायला सांगितला होता. पुढे सरकारी कार्यगटाने धोक्याचा पुरावा नाही, इशाऱ्याची गरज नाही, असा निष्कर्ष काढला. दाण्यातलं लोह थोडं असतं हे बघता तो बरोबरही असेल. गंमत वेगळीच आहे. इशारा होता तो पोत्यावर, आणि पोतं राहतं दुकानात. तांदूळ काट्यावर मोजून माणसाच्या पिशवीत पडतो आणि पिशवी डोंगर चढते. पोतंच वर आलं असतं तरी इशारा वाचून दाखवायला पावरी बोलणारं पोतं अजून निघालेलं नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की मिठात आयोडीन घातलं तेव्हा कुणी प्रत्येकाचा गळा तपासला होता का? नव्हता, आणि मीठ उपकारकच ठरलं. पण जास्तीचं आयोडीन बहुतेकांच्या लघवीवाटे निघून जातं. जास्तीचं लोह बाहेर टाकायची वाट शरीराला दिलेलीच नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा: एकेकाचं रक्त तपासत बसायचं का? तर तपासणी चालूच आहे. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं. ओळख पटवायची सोयही आहे: देशातलं पहिलं आधार २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्याच टेंभलीत वाटलं गेलं. आता रेशन दुकानात अंगठा जुळतो की नाही हे यंत्र क्षणात सांगतं. त्याच अंगठ्यामागच्या रक्ताचा अहवाल दुसऱ्या खात्याच्या कपाटात असतो, आणि दोन खात्यांची सोयरीक जुळवणारा मध्यस्थ अजून भेटायचा आहे.

तोवर डबेवाला नागरिक रक्त न तपासता गिळतो आणि सूपवाली बाई न तपासता फेकते. फरक इतकाच की पहिल्याला आपण आरोग्याबाबत सजग म्हणतो. बाईने निदान दाणा उन्हात धरून पाहिला, दाताखाली चावून पाहिला, पाण्यात टाकून पाहिला; डबेवाल्याने फक्त सवलत पाहिली. तिने वेचलेले दाणे अंगणात पडतात आणि लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२ असा शासकीय योजनेचा संपूर्ण लाभ कोंबड्या घेतात. त्यांचा अंगठा अजून कुणी मागितलेला नाही.