चढाईस निघालेल्या गड्यासाठी शास्त्रोक्त सूचना

रेणापूर तालुक्यातल्या तरुणांना चढाईची हौस दांडगी. मोबाईलच्या खेळात शत्रूच्या गावावर घातलेले सैन्य कापले गेले, तरी थोड्या वेळाने नवे तयार होते. कबड्डीत गुडघ्याच्या बाबतीत अशी सोय नाही. म्हणून जोखीम आणि कुवत यांचा मेळ घालण्याच्या या सूचना. इच्छुकांनी दम न सोडता वाचाव्यात.

१. कुवत ओळखावी. पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटर. म्हणजे जिंकायचा मुलूख जेमतेम साडेसहा मीटर खोल आणि मुदत ३० सेकंद. आपण चपळ आहोत की नुसतेच दांडगे, हे आईला विचारू नये. कोपऱ्यात उभ्या असलेल्या, घोटे धरण्यात तरबेज गड्याला विचारावे. तो खरे सांगतो, आणि लगेच सिद्धही करतो.

२. समोरची डोकी मोजावीत. सहा किंवा सात असतील तर बोनस खुला असतो. एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवावा, दुसरा हवेत ठेवावा आणि एक गुण घेऊन निघावे. लांब पायांच्या गड्याची ही हक्काची कमाई. समोर तिघे किंवा त्याहून कमी उरले, की मैदान ओसाड दिसते आणि छाती फुगते. अशा वेळी गुणफलक पाहावा. तिथे पकड झाली तर प्रतिपक्षाला एकाऐवजी दोन गुण मिळतात. उलट लोण चढवला तर दोन जादा गुण आपले. ज्याचे सैन्य कमी, त्याच्या पकडीला भाव जास्त, हा हिशेब नियम करणाऱ्यांनी आधीच करून ठेवला आहे.

३. रिकामे परतायला शिकावे. ‘नीट’मध्ये बरोबर उत्तराला चार गुण, चुकले तर एक वजा, सोडले तर शून्य. लातूरच्या शिकवण्यांत हे तोंडपाठ केलेली पोरे मैदानात उतरली की सगळेच प्रश्न सोडवायला धावतात. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवरची निदान रेषा ओलांडून परतावे; गुण नाही, पण गडीही जात नाही. मात्र प्रो कबड्डीचा नियम लावला असेल, तर लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीला ही सवलत नाही. तिला कोण जाणार, हे पहिल्या चढाईआधीच ठरवावे. नाहीतर पहिल्या दोन चढाया सरपंचांचा पुतण्या करतो आणि तिसरीच्या वेळी त्याला नेमकी तहान लागते.

४. प्रेक्षकांचे ऐकू नये. “घुस की रं, काय बघायलास!” असे ओरडणाऱ्याचा घोटा रेषेबाहेर सुरक्षित असतो. त्याचा आवाज चढला, की आपण एक पाऊल मागे घ्यावे.

५. पकड झालीच, तर दम तोडू नये. शिव्या द्यायच्या असल्या तरी ‘कबड्डी, कबड्डी’ थांबवून देऊ नयेत. हाताचे बोट जरी मध्यरेषेला पोहोचले, तरी अंगावर पडलेले सगळे बाद होतात. दांडगेपणाचा उपयोग होतो तो इथे.

६. इतके करूनही बाद झालात, तर मुकाट बाहेर बसावे. आपल्या संघाने गडी टिपला, की बाद झालेले क्रमाने आत येतात. तोवर आत खेळणाऱ्याला सल्ला देऊ नये.