सुट्टीतली सेवा : परदेशस्थ गुरुजनांसाठी नागपूरमार्गे मार्गदर्शिका

मुलगा परदेशी आहे म्हणजे सॉफ्टवेअरमध्येच असणार, हा धरमपेठेतला समज आता जुना झाला. दुबईच्या, डॅलसच्या, लंडनच्या शाळांत गणित आणि विज्ञान शिकवणारी नागपूरकर मंडळीही आहेत. तिकडच्या शिक्षकाला उन्हाळ्यात सहा ते दहा आठवडे मोकळे मिळतात आणि त्या काळात काय करावं याचा एक अलिखित नियम आहे: लांब जावं, गरीब देशात जावं आणि काहीतरी रंगवून यावं. स्टाफरूममधली एक बाई केनियातल्या शाळेची भिंत रंगवून येते, एक सर पेरूच्या डोंगरात पाण्याची टाकी बांधून येतात. शाळा उघडली की दोघं फोटो दाखवतात. आपल्या माणसाकडे दाखवायला फक्त आईने भरून दिलेल्या संत्रा बर्फीचा डबा असतो, आणि तोही तोवर रिकामा झालेला. मग त्याच्या ध्यानात येतं की आपल्याकडे तर अख्खा विदर्भ पडला आहे.

अशा इच्छुक गुरुजनांनी पुढील सूचना तिकीट काढण्यापूर्वी वाचाव्यात. तिकीट काढून झालं असल्यास वाचू नयेत.

सेवेत सगळ्यात महत्त्वाचा असतो महिना. अमेरिकेतल्या शाळा मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला सुटतात. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात सोनेगावच्या विमानतळावर उतरावं, घरी पाठ टेकावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भिवापूर, उमरेड किंवा हिंगण्याकडची जिल्हा परिषदेची एखादी शाळा गाठावी. तिथे कुलूप असेल. उर्वरित महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात. विदर्भात उन्हाच्या कृपेने त्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांनी. २०२३ मध्ये तिकडे १५ जूनला घंटा झाली, इकडे ३० जूनला. शाळेच्या व्हरांड्यात बकऱ्या बसलेल्या असतील आणि शेजारच्या घरातून कोणीतरी विचारेल, "काहून आले बाप्पा? शाळा तं बंद हाये." या प्रश्नाचं उत्तर इंग्रजीतून देऊ नये.

मेमध्येच येऊ पाहणाऱ्यांनी नवतपा म्हणजे काय हे आत्याला विचारून घ्यावं. २५ मेच्या आसपास सूर्य रोहिणीत शिरतो, तेव्हापासूनचे नऊ दिवस. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, दुपारी बारा ते चार या वेळात नागपूरचे रस्ते मोकळे असतात आणि कूलरपुढची जागा घरातल्या ज्येष्ठतेनुसार ठरते. पाहुण्याला पहिल्या दिवशी समोर बसवतात. तिसऱ्या दिवशी तो ज्येष्ठतेच्या यादीत आपल्या जागी जातो. खिशात कांदा ठेवावा, तोंडाला दुपट्टा बांधावा, पन्हं प्यावं. दुपट्टा बांधलेला फोटो तिकडच्या स्टाफरूममध्ये दाखवताना खाली खुलासा लिहावा, नाहीतर तुम्ही कोणत्या संघटनेची सेवा केली असा प्रश्न येतो.

सेवेला जोडून थोडं फिरणं येतंच, आणि नागपूरहून फिरणं म्हणजे ताडोबा. इथे मात्र शासनाने गुरुजनांची फार अडचण करून ठेवली आहे. ताडोब्याचं कोअर क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं. वाघ नीट दिसतात ते एप्रिल-मेमध्ये, पाणवठ्यावर. म्हणजे वाघ पाहायला आलात तर पोरं नाहीत आणि पोरांना शिकवायला आलात तर वाघ नाहीत. दोन्ही साधायचं असेल तर एखाद्या वर्षी जूनच्या शेवटी चार-आठ दिवसांची एक बारीक फट असते. शाळा उघडलेली, तीही अनेकदा सकाळचीच, आणि कोअरचं गेट अजून लागलेलं नाही. या फटीवर नेम धरून विमानाचं तिकीट काढणारे गुरुजी आहेत. त्यांच्या नियोजनाला माझा नमस्कार. फक्त मंगळवारी गेट बंद असतं, एवढं लक्षात ठेवावं. मंगळवार सेवेसाठी राखून ठेवता येतो.

नाताळच्या सुट्टीत येणाऱ्यांसाठी: डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. १९५३ च्या नागपूर कराराचं आम्हाला मिळालेलं हे वार्षिक फळ. हॉटेलं भरलेली, सिव्हिल लाइन्सचे रस्ते अडवलेले आणि मोर्च्यांमध्ये एक तरी मोर्चा विनाअनुदानित शिक्षकांचा. त्या मोर्च्यात तुमच्याच वयाचे, तुमच्याच विषयाचे शिक्षक भेटतील. त्यांना "तुम्ही सुट्टीत काय करता?" असं विचारू नये. शाळांमध्ये त्या दिवसांत स्नेहसंमेलनं असतात, त्यामुळे शिकवण्याचा प्रश्न येत नाही. तुम्ही प्रमुख पाहुणे असता.

आता सत्कार. या विषयावर तिकडच्या कोणत्याही पुस्तकात माहिती मिळत नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. परदेशातून गुरुजी आले हे कळल्यावर मुख्याध्यापकांपुढे पर्याय उरत नाही. आदल्या संध्याकाळी फ्लेक्स छापून येतो. त्यावर तुमचं नाव थोडं चुकलेलं आणि गावाचं नाव 'अमेरिका' असतं. सकाळी नऊला परिपाठ, मग स्वागतगीत. ते बसवायला मुलींचे दोन दिवस गेलेले असतात, म्हणजे तुम्ही येण्याआधीच शाळेचे दोन दिवस खर्ची पडलेले असतात. मग दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय. परिचयात तुम्ही न केलेल्या पदव्या येतात. केंद्रप्रमुख साडेदहाला येतात, म्हणून दीपप्रज्वलन पुन्हा होतं. तुम्हाला दोन शब्द बोलायला सांगतात तेव्हा साडेअकरा झालेले असतात आणि खिचडीचा वास येऊ लागलेला असतो. मुलांचं लक्ष कुठे आहे हे ओळखायला बी.एड. लागत नाही. आभारप्रदर्शन झालं की दुपारची सुट्टी. त्यानंतर सहावीच्या वर्गावर तुम्हाला पस्तीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात पाठीवरच्या पिशवीतले स्टिकर वाटून होतात.

तरीही शिकवायचंच असेल तर सामान बेताने आणावं. चमचमत्या पेना, लॅमिनेट केलेली चित्रं, "चुकांमधून शिकू या" असं इंग्रजीत लिहिलेले तक्ते. गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यातल्या हेमलकशाला गेलात तर तिथलं पहिलीतलं पोर घरी माडिया बोलतं, शाळेत मराठीशी झटतं आणि तुम्ही त्याच्यापुढे सफरचंदाचा तक्ता धरता. त्याने सफरचंद क्वचितच पाहिलं आहे. मोह, तेंदू, चार यांची पानंफळं त्याला पाठ आहेत, पण तो तक्ता कोणी लॅमिनेट केलेला नाही. उन्हाळ्यात गेलात तर तेही पोर भेटायचं नाही, कारण शाळा सुटलेली असते आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात घरातले सगळे हात जंगलात असतात.

इथल्या शिक्षकांसाठी कार्यशाळा घेण्याची ऊर्मी पुष्कळांना येते. ती येऊ द्यावी, पण आधी एक गोष्ट समजून घ्यावी. आमच्या मास्तरांना सुट्टीत सेवा शोधायला बाहेर जावं लागत नाही, सेवा त्यांना हुडकत घरी येते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं २७ वं कलम सांगतं की शिक्षकांना शिक्षणाखेरीज दुसरी कामं देऊ नयेत. अपवाद फक्त जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका. अपवाद तीनच आहेत आणि तिघांनाही उन्हाळा आवडतो. लोकसभेचं मतदान एप्रिल-मेमध्ये होतं तेव्हा केंद्रावर शाई घेऊन बसलेले असतात ते मास्तरच. भर उन्हात दारोदार जाऊन मतदारयादी तपासणाऱ्या बाईंना "समाजाशी नातं कसं जोडावं" या विषयावर सरकचित्रं दाखवायची असतील तर किमान चहा तरी आपल्या खर्चाने ठेवावा.

प्रकल्प निवडताना अंतर पाहू नये, असं पुस्तकात लिहितात. आपण पाहावं. वरोऱ्याचं आनंदवन नागपूरहून शंभरेक किलोमीटर, म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी तर्री पोह्यांना परत. हेमलकसा तीनशेच्या पुढे, म्हणून तिथे फोटो जास्त भारी. बाबा आमट्यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी मूल तालुक्यातल्या सोमनाथला मे महिन्याच्या मध्यात भरते. तिथे पहाटे उठून घाम गाळतात आणि मे महिन्यातच गाळतात, परदेशी शाळा अजून सुरू असताना. मेळघाटात पुण्याची 'मैत्री' ही संस्था १९९७ पासून पावसाळ्यात धडक मोहीम घेते. स्वयंसेवकांच्या तुकड्या पाठोपाठ जातात आणि गावात राहतात. तीच वेळ का, तर पावसाळ्यात वाटा बंद होतात, घरातलं धान्य सरत आलेलं असतं आणि लहान मुलं त्याच महिन्यांत सगळ्यात जास्त दगावतात. त्या मोहिमेची तारीख तिथल्या मरणांनी ठरवली. योगायोगाने त्याच दिवसांत अमेरिकेतल्या आणि आखातातल्या शाळांना सुट्टी असते, परंतु धारणीच्या पुढे चिखलात फोटो नीट येत नाहीत म्हणून की काय, हा योगायोग फारसा कोणाच्या लक्षात येत नाही.

पैसे देऊन मोकळं व्हावंसं वाटलं तर पासपोर्ट उघडून पाहावा. तो भारतीय असेल तर नेहमीच्या बँकेतून देणगी जाते. बदललेला असेल तर तुम्ही आता परदेशी स्रोत आहात. मग संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच उतरतो. भामरागडचा डॉलर संसद मार्गाचं दर्शन घेऊन येतो.

पूर्वसुरींचं काय, असा प्रश्न अभ्यासू गुरुजन विचारतील. त्यांची उदाहरणं सुट्टीच्या दृष्टीने अगदीच निरुपयोगी आहेत. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडहून नागपूरला आले, पुढच्या वर्षी शाळा काढली आणि मोकळ्या वेळात जीवाश्म गोळा करत हिंडले. फिरणं आणि शिकवणं दोन्ही साधलं, असं वाटेल. पण १८६३ च्या सप्टेंबरात ते टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहायला गेले आणि तिथली शाळा तपासायला मागे थांबले. परतताना संध्याकाळी पुराच्या पाण्यात बुडाले. वय पंचेचाळीस. शिळावर्तुळं पाहून सगळ्यांबरोबर वेळेत निघाले असते तर वाचले असते. मार्जोरी साइक्स १९२८ मध्ये इंग्लंडहून मद्रासला शिकवायला आल्या, शांतिनिकेतनात गेल्या आणि १९४९ नंतर सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीमचे शिक्षक घडवत राहिल्या. मधल्या काळात बाईंनी नागरिकत्वच बदलून भारतीय घेतलं, म्हणजे परतीच्या तिकिटाचा प्रश्न मिटला. १९७७ च्या ऑक्टोबरात पुण्याला योगाभ्यासासाठी निघालेले इंग्रज बौद्ध लोकमित्र वाटेत नागपूरला थांबले, तर नेमका धम्मचक्र प्रवर्तनाचा वर्धापनदिन. दीक्षाभूमीवरची गर्दी पाहिली आणि पुढच्या वर्षी भारतात राहायलाच आले. कामठी रोडवरचं नागलोक हे बौद्ध केंद्र त्यांच्याच खटपटीतून उभं राहिलं. पुण्याचे विलास मनोहर १९७५ मध्ये हेमलकसा पाहायला म्हणून गेले, तेही तिथलेच झाले. या मंडळींना परतीची तारीख पाळता आली नाही. आपण पाळावी. शाळेशी करार असतो, घराचे हप्ते असतात.

उलटं उदाहरण हवं असेल तर विजय बारसे आहेत. ते हिस्लॉप कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. २००१ मध्ये पावसात फुटक्या बादलीला लाथा मारणारी झोपडपट्टीतली पोरं पाहिली आणि त्यांना चेंडू दिला. ते कुठे गेले नाहीत. मग त्यांच्या स्लम सॉकरला पाहायला, मदत करायला परदेशातून माणसं नागपूरला येऊ लागली आणि २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कारही आला. विमानाचं तिकीट न काढता सेवा होते हे यातून सिद्ध होतं; या मार्गदर्शिकेच्या दृष्टीने ते गैरसोयीचं आहे.

तेव्हा शेवटची सूचना. जानेवारीतच एखाद्या मुख्याध्यापकाला फोन करावा आणि काय हवं ते विचारावं. उत्तर बहुधा असं येईल: "सर, संगणक तीन हायेत, चालत एकही नाही," किंवा "गणिताच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर जातीन, जुलै-ऑगस्ट कोणी भेटन का?" हे जमत असेल तर जुलैत या, फ्लेक्स नको म्हणून आधीच सांगा आणि पुढच्या वर्षी त्याच शाळेत या, म्हणजे पोरांची नावं पाठ करण्याचा वेळ वाचेल. आणि मुख्याध्यापक "काही नको सर, तुम्ही फक्त भेटून जा" म्हणाले, तर ते खरं मानावं. सुट्टी घरी घालवावी. लक्ष्मीनगरात, प्रतापनगरात आईवडील दोघंच आहेत. बँकेची केवायसी, डोळ्यांचा दवाखाना, कूलरची ताटी बदलणं अशी कामं जून ते ऑगस्टमध्ये उरकता येतात. पेन्शनसाठी हयातीचा दाखला मात्र नोव्हेंबरात द्यावा लागतो, आणि नोव्हेंबरात तिकडच्या शाळा सुरू असतात.