हप्तेवाले भाऊसाहेब

भाऊसाहेबांनी स्कॉर्पिओ विकली, हे आमच्या अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे. का विकली, याचं उत्तर मात्र ज्याला त्याला वेगळं मिळालंय, आणि सगळी उत्तरं खुद्द भाऊसाहेबांच्याच तोंडची आहेत. चेअरमनना ते म्हणाले, "पार्किंगमध्ये वळतच नव्हती हो. तुमचा तो खांब किती दिवस सांभाळायचा?" कंपनीतल्या साहेबांना म्हणाले, "डिझेलचं काही खरं नाही. उद्या सरकार काय करेल, सांगता येत नाही." निफाडच्या सासऱ्यांना "पर्यावरण" एवढं एकाच शब्दात सांगितलं. सासरे तेव्हा द्राक्षबागेवर फवारणी करत होते, त्यामुळे त्यांनी पुढे काही विचारलं नाही. धाकट्या भावाला म्हणाले, "इलेक्ट्रिक घ्यायचीय ना, तोवर ही काढून टाकली." मला लिफ्टमध्ये गाठून त्यांनी गुडघा दाखवला. "क्लच दाबून दाबून गेला बघा." दाखवला तो उजवा होता. क्लच डाव्या पायाखाली असतो. माझा मजला आला, मी उतरलो.

एवढ्या कारणांत 'कर्ज' कुठेच नव्हतं.

भाऊसाहेब अंबडच्या एमआयडीसीत एका प्रेसशॉपमध्ये सुपरवायझर आहेत. पत्रा येतो, प्रेस पडतो, ब्रॅकेट बाहेर येतो. त्यातले काही ब्रॅकेट सातपूरला महिंद्राच्या कारखान्यात जातात. स्कॉर्पिओ २००२ साली बाजारात आली ती आमच्या नाशकातून, याचा नाशिककरांना अभिमान आहे. भाऊसाहेबांना अभिमान आहे तो त्यांच्याविना ती आली नसती याचा. रस्त्यात स्कॉर्पिओ दिसली की ते थांबून सांगायचे, "आत, डॅशबोर्डच्या मागे, डाव्या हाताला एक ब्रॅकेट आहे. दिसणार नाही तुम्हाला. पण आहे." अशा माणसाने मारुती घेऊन फिरायचं म्हणजे काय!

म्हणून २०२३ च्या दसऱ्याला स्कॉर्पिओ आली. टॉप मॉडेल. रोड टॅक्स, इन्शुरन्स, सीट कव्हर, बंपरवरचं ते चकचकीत काय असतं ते, सगळं धरून २१ लाख. त्यातले तीन स्वतःचे आणि १८ बँकेचे, साडेनऊ टक्क्यांनी, सात वर्षांसाठी. महिना हप्ता २९,४१९. नवश्या गणपतीला पूजा झाली, चाकाखाली लिंबू गेलं, सोसायटीत पेढे वाटले गेले. घर पाथर्डी फाट्याला, कंपनी अंबडला. जाऊन येऊन आठ-नऊ किलोमीटर. तेवढ्यासाठी सात सीटांची गाडी का, असं कोणीतरी विचारलंच. भाऊसाहेबांचं उत्तर तयार होतं, "२०२७ ला सिंहस्थ आहे. पाहुणे येणार. ने-आण करायला नको?" वहिनी हळूच म्हणाल्या, "२०१५ ला गाड्या गावाबाहेरच अडवल्या होत्या. पाहुणे रामकुंडावर चालत गेले होते." पण तेव्हा भाऊसाहेब हार नीट करत होते.

पुढची दोन वर्षं त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. कुणीही गाडी घेतली की विचारायचे, "टॉप मॉडेल ना?" समोरचा "नाही हो, मधलं" म्हणाला की भाऊसाहेब "चांगलंय, चांगलंय" म्हणत त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. दुखवट्याला गेल्यावर ठेवतात, तसा.

आता वहिनींबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही. वहिनी एका पतसंस्थेत वसुली विभागात आहेत. सकाळी साडेदहा ते संध्याकाळी सहा त्या लोकांना फोन करून विचारतात, "दादा, पाच तारखेचा हप्ता आला नाही अजून. काही अडचण आहे का?" हप्ता थकण्याआधी माणूस कसा बोलतो, हे त्यांना आवाजावरून कळतं. त्यात २०२५ च्या उन्हाळ्यात कंपनीतला ओव्हरटाइम बंद झाला, मुलाच्या इंजिनियरिंगच्या क्लासची फी वाढली आणि फ्लॅटचं कर्ज होतंच. दिवाळीच्या तोंडावर तसा आवाज त्यांना प्रथमच घरात ऐकू आला. भाऊसाहेब म्हणत होते, "या महिन्यात जरा इकडचं तिकडे करू."

त्या रात्री वहिनींनी कालनिर्णयचं पान उलटलं आणि दुधाच्या खाड्यांच्या शेजारी हिशोब मांडला. तो कागद मी पुढे पाहिला आहे. वहिनींनी जपून ठेवलाय. वर लिहिलंय: २४ हप्ते भरले, ७,०६,०५६. त्याखाली: मुद्दल फिटलं, ३,९९,२१६. त्याखाली: व्याज गेलं, ३,०६,८४०. मग एक रेघ. रेघेखाली: बाकी १४,००,७८४. आणि मग ठसठशीत, दोनदा गिरवून: अजून ६० हप्ते, १७,६५,१४०.

भाऊसाहेब म्हणाले, "सात लाख भरले आणि चारच फिटले?"

"सुरुवातीला बाकी मोठी असते, म्हणून हप्त्यात व्याजाचा वाटा नंतरपेक्षा जास्त असतो. मुद्दल मागून भराभर फिटतं," वहिनी म्हणाल्या. "मला एवढंच सांगा, आज ही गाडी विकली तर किती येतील?"

"अठरा कुठे गेले नाहीत."

खरं उत्तर द्यायला एजंट लागला. दिवाळी झाल्यावर मुंबई नाक्याजवळचा एक जुन्या गाड्यांचा एजंट बोलावला. पोरगेला होता, पण गाडी कशी बघावी हे त्याला कळत होतं. आधी त्याने चारी दारांवर बोटाची पेरं वाजवली आणि कुठे आवाज बद्द येतो का ऐकलं. मग दाराचं रबर थोडं ओढून आतल्या खांबाचा रंग पाहिला. बॉनेट उघडून स्क्रूंवर पाना लागल्याच्या खुणा शोधल्या. सगळं झाल्यावर फोनमध्ये डोकं घालून म्हणाला, "साडेतेरा."

भाऊसाहेबांनी आधाराला बंपर धरला. "एकवीस लाखांची गाडी आहे!"

"साहेब, एकवीस ऑन-रोड. एक्स-शोरूम बोला. डिझेलला दहा लाखांच्या वर चौदा टक्के रोड टॅक्स जातो. तो गेला. पहिला इन्शुरन्स, तोही गेला. सीट कव्हर धरायचं नसतं. आणि २२ सप्टेंबरला जीएसटी उतरला. नवीच स्वस्त झाली तर जुनी कोण चढ्या भावाने घेणार?"

"अरे, हिच्यात माझा ब्रॅकेट आहे."

"ब्रॅकेटचे वेगळे नाही मिळत साहेब."

साडेतेरा म्हणजे बाकीपेक्षाही कमी. गाडी द्यायची आणि वर पदरचे अर्धा लाख बँकेला मोजायचे! भाऊसाहेबांचा चेहरा उतरला तो तिथे. मोठी गाडी हप्त्यावर घेणाऱ्याला सहसा हे ठाऊक नसतं, की पहिली दोन-तीन वर्षं गाडीची किंमत कर्जापेक्षा लवकर उतरते आणि त्या काळात विकायची सोयही राहत नाही. वहिनींना ते ठाऊक होतं, कारण पतसंस्थेत ओढून आणलेल्या गाड्यांचा लिलाव त्यांनी पाहिलेला होता. त्यांनी एजंटला चहा दिला, सर्व्हिसिंगची सगळी बिलं तारखेवार लावलेली फाइल पुढे ठेवली, आणखी दोन एजंटांना फोन लावून ठेवलाय हे सहज सांगितलं. तासाभराने आकडा पंधरावर आला.

पंधरातून बँकेचे चौदा गेले. मुदतीआधी कर्ज फेडलं म्हणून तीन टक्के आकार आणि त्यावर जीएसटी मिळून ४९,५८८ गेले. "पैसे परत देतोय तर दंड?" भाऊसाहेब म्हणाले. "करारात आहे," वहिनी म्हणाल्या. त्यांनी करार वाचला होता. हातात उरले ४९,६२८. वहिनींनी पर्समधून ३७२ रुपये काढून पन्नास हजार पुरे केले. त्यात तीन लाखांचं तीन वर्षांचं कर्ज घालून साडेतीन लाखांची जुनी वॅगन-आर आली, सीएनजीवाली. हप्ता ९,९६४. मग पेठ रोडच्या आरटीओत खेटे सुरू झाले. बँकेचं नाहरकत पत्र, आरसीवरचा बोजा उतरवायला फॉर्म ३५, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. भाऊसाहेब रांगेत टोपी खाली ओढून उभे राहत. कंपनीतलं कोणी भेटलंच तर म्हणत, "मित्राच्या कामासाठी आलोय."

वॅगन-आर त्यांनी रात्री साडेअकराला सोसायटीत आणली आणि तिच्यावर स्कॉर्पिओचं कव्हर घातलं. सकाळी पाहतो तर कव्हरखाली गाडी थोरल्या भावाचा सदरा घातलेल्या पोरासारखी उभी. चारी बाजूंनी कापड जमिनीवर लोळत होतं आणि टपाच्या जागी मोठा खळगा पडला होता. आठवडाभर गाडी बाहेर निघाली नाही, भाऊसाहेब कंपनीच्या बसने गेले. शेवटी वॉचमनने बेल वाजवून विचारलं, "साहेब, तुमच्या गाडीची हवा पूर्णच गेलीय का?"

तेव्हा कारणं सांगण्याचं सत्र सुरू झालं. खांब, डिझेल, पर्यावरण, गुडघा. पण कारणांची पंचाईत अशी, की माणसं आपसात बोलतात. सोसायटीच्या हळदीकुंकवात कारणं एकमेकींना भेटली आणि सगळीच बाद झाली.

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. भाऊसाहेबांना गप्प बसणं जमत नाही. त्यांना एक पायरी उतरायची असली तरी ती वाजतगाजत उतरायची असते, आणि खाली पोचल्यावर तीच पायरी सगळ्यात वर आहे, असं लोकांना पटवून द्यायचं असतं. महिनाभरातच ते चुकून एकदा खरं बोलून गेले. सीएनजीच्या रांगेत शेजारी उभ्या असलेल्या माणसाला म्हणाले, "एकोणतीसचा हप्ता होता, दहावर आणला." तो माणूस वळला. त्याच्या मागचाही वळला. सीएनजी भरताना गाडीतल्या सगळ्यांनी खाली उतरायचं, असा नियम आहे; त्यामुळे पंपावर भाऊसाहेबांना श्रोते आपोआप मिळतात. त्या दिवशी चौघांनी माना डोलावल्या, एकाने नंबर मागून घेतला. टॉप मॉडेलने दोन वर्षांत जो मान दिला नव्हता, तो एका रांगेत मिळाला.

तेव्हापासून भाऊसाहेब कर्जमुक्तीवर बोलतात. रविवारी मिसळ खाताना बोलतात, तर्री दुसऱ्यांदा येईपर्यंत सांगून संपत नाही. "मुद्दल आणि व्याज यातला फरक किती लोकांना कळतो?" असं विचारून ते कालनिर्णयवरचे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवतात, तीन लाख सहा हजार आठशे चाळीस, शेवटच्या चाळीसवर जोर देऊन. हिशोब कोणाचा, हे सांगायचं राहून जातं. नो क्लेम बोनसचं सर्टिफिकेट तर त्यांनी लॅमिनेट केलंय. "गाडी गेली, बोनस कुठे गेला? बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो! दोन वर्षं क्लेम नाही, २५ टक्के सूट, ती आता वॅगन-आरला लागली." हे खरंच आहे आणि पुष्कळांना माहीत नसतं. मात्र दोन वर्षांत क्लेम झाला नाही, कारण स्कॉर्पिओ त्यांनी रविवार कारंजाकडे कधी नेलीच नव्हती, हे ते सांगत नाहीत. आता वॅगन-आर घेऊन ते थेट भद्रकालीच्या बोळात शिरतात आणि तिथे गाडी वळवून दाखवतात. गरज नसताना.

मी एकदा वहिनींना म्हणालो, "महिन्याला १९,४५५ सुटले म्हणजे भाऊसाहेब मोकळे झाले म्हणायचे."

"मोकळे कसले?" वहिनी म्हणाल्या. "पाच तारखेला त्यांच्या खात्यातून अजून २९,४१९च जातात. नऊ हजार नऊशे चौसष्ट गाडीला, बाकीचे फ्लॅटच्या कर्जात. त्याचा दर फ्लोटिंग आहे, आगाऊ भरलं तरी आकार लागत नाही. त्यांना सवय होती तेवढ्याची, मोडली असती तर पुन्हा लागली नसती."

हे भाऊसाहेबांना माहीत आहे का, असं मी विचारलं. "ते कर्जमुक्तीवर बोलतात ना," वहिनी म्हणाल्या, "पासबुक बघायला वेळ कुठे असतो त्यांना!"

जुना प्रश्न मात्र गेला. त्याच्या जागी नवा आलाय. गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या तरुण जोडप्याने सनरूफवाली मोठी गाडी आणली. पार्किंगमध्ये पूजा चालली होती, बॉनेटवर स्वस्तिक काढलं होतं, ओवाळणी चालू होती. भाऊसाहेबांनी नारळ वाढवला, पाणी शिंपडलं, गाडीला एक फेरी घातली आणि मालकाच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर विचारलं, "हप्ता किती?"

मुलगा म्हणाला, "जास्त नाही काका, बघतो."

"किती वर्षांचा?"

ओवाळता ओवाळता त्याच्या बायकोचा हात थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. "पाचच ना रे?" नवरा सनरूफ कसं उघडतं ते दाखवू लागला. सनरूफ तेवढ्यात तीनदा उघडलं आणि मिटलं.

त्यानंतर आमच्याकडे नवी गाडी आली की पूजा भाऊसाहेब कामावर गेल्यावरच उरकतात. पेढे वहिनींच्या हातात घरपोच येतात. कधीकधी बॉक्सखाली घडी घातलेलं लोन स्टेटमेंट असतं, आणि पेढे देणारी दारातच हळू आवाजात सांगते, "वहिनी, भाऊसाहेबांना दाखवू नका. तुम्हीच बघा."