शंभर युनिटांचे अण्णा

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातल्या तीस-चाळीस वर्षं जुन्या सोसायट्यांत दर जिन्यामागे एक अण्णा असतात. कुठे त्यांना नाना म्हणतात, कुठे भाऊ, तर कुठे नुसतंच 'दुसऱ्या मजल्यावरचे'. पाटबंधारे, टपाल, रेल्वे किंवा बँक यांपैकी कुठून तरी ते निवृत्त झालेले असतात. बेताची पेन्शन, पोस्टातल्या ठेवी, अंगात धुऊन धुऊन पारदर्शक झालेला बनियन आणि कानावर पेन्सिल. पेनाची रिफील ऐन वेळी दगा देते, पेन्सिल मात्र शेवटच्या इंचापर्यंत लिहिते, असं अण्णांचं म्हणणं आहे. ते खोडून काढणं अवघड आहे.

घरातला जमाखर्च भिंतीवर असतो. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये 'कालनिर्णय' काढलं ते तिथी, वार, सण बघायला. अण्णांनी त्याची खतावणी केली. प्रत्येक चौकोनात बारीक अक्षरात 'दू. १', 'दू. नाही', 'इस्त्री ७', 'बाईंचा खाडा', 'सिलिं. लावला' असा मजकूर असतो. संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता हे त्या गर्दीत शोधायला काकूंना चष्मा लागतो. वर्ष संपलं तरी हे कालनिर्णय रद्दीत जात नाही. गुंडाळी करून, रबर लावून ते कपाटावर चढतं. सहा वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये सिलिंडर किती दिवस गेला हे कुणी विचारत नाही, पण विचारलंच तर अण्णांकडे उत्तर तयार आहे.

सिलिंडर आणणारा पोऱ्या दुसऱ्या मजल्यावर आला की आधीच सुस्कारा टाकतो. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं, त्यात गॅसचे १४.२ किलो मिळवायचे आणि काट्यावर तेवढे भरायला हवेत. अण्णा बेरीज आधीच कागदावर करून ठेवतात. मग ते टाकीवरचं अक्षर वाचतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, पुढे सी आणि डी, आणि शेजारी वर्ष. त्या मुदतीनंतर टाकीची पुन्हा तपासणी व्हायला हवी.

"अण्णा, वर अजून चार घरं आहेत."

"मग त्या चारांच्याही टाक्या मोज. मी थांबतो."

जिन्यातले लोक हसतात. पण मुदत उलटलेली एक टाकी अण्णांनी परत पाठवली, त्या संध्याकाळी सगळ्या मजल्यांवर बायाबापड्या ओट्याखाली वाकून अक्षरं वाचत होत्या. तेवढ्यापुरतं हसू थांबलं.

गॅसच्या बाबतीत अण्णांचं शास्त्र पक्कं आहे. डाळ-तांदूळ आधी भिजवायचे, कुकरची पहिली शिट्टी झाली की आच बारीक करायची, भांड्यावर झाकण हवंच. इंधन वाचवायला सांगणारी सरकारी पत्रकंही हेच सांगतात. घोडं अडतं ते कुकरच्या रिंगपाशी. रबर कडक झालं आहे, बाजूने वाफ फुसफुसते आणि तीन शिट्ट्यांत शिजणारी डाळ सात शिट्ट्या मागते. नवी रिंग आणा असं काकू दिवाळीपासून सांगताहेत. "जुनी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेव, बसते बरोबर," असं अण्णा म्हणतात. ती बसतेही, एखाद दिवस. म्हणजे आता भाजी, दूध आणि रिंग अशा तिघांनाही गार करण्याचं काम फ्रीजकडे आलं आहे.

फ्रीजवरून मीटर आलंच.

महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या शंभर युनिटांना एक दर असतो आणि १०१ पासून ३०० पर्यंत दुसरा, जवळजवळ दुप्पट. १०१ वा आकडा उमटला की सगळं बिल वरच्या दराने येतं, अशी अण्णांची श्रद्धा आहे. ही श्रद्धा महाराष्ट्रात घरोघरी आढळते, त्यामुळे एकट्या अण्णांना दोष देण्यात अर्थ नाही. रीडिंगची तारीख जवळ आली की रात्री जेवण झाल्यावर ते बॅटरी घेऊन जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत जातात. चौऱ्याण्णव. शहाण्णव. अठ्ठ्याण्णव दिसले की घरात आणीबाणी पुकारली जाते. टीव्ही बंद, मिक्सर बंद आणि शेवटी फ्रीजही बंद.

गेल्या एप्रिलात याच आणीबाणीत लिटरभर दूध नासलं. काकूंनी ते फेकलं नाही. त्या काही फेकत नाहीत. त्यांनी त्यात साखर घातली, तासभर गॅसवर आटवलं आणि वड्या पाडल्या. म्हणजे वीज वाचवायला दूध गेलं आणि दूध वाचवायला साखर आणि गॅस. वर अण्णांना साखरेचं पथ्य, त्यामुळे वड्या खाल्ल्या शेजाऱ्यांनी. पुण्याहून मुलाने फोनवर समजावून सांगितलं, "अहो बाबा, वाढीव दर फक्त शंभरच्या वरच्या युनिटांना लागतो. तीन युनिटं जास्त जळली तर फार तर वीस रुपयांचा फरक पडेल." अण्णांनी जुनं बिल काढलं, पेन्सिलीने हिशेब पडताळला, मुलगा बरोबर आहे हे मान्य केलं आणि म्हणाले, "वीस रुपये काय झाडाला लागतात?"

जिथे गणित साधं आहे तिथे मात्र अण्णांचा हात कुणी धरणार नाही. साठ वॅटचा जुना दिवा एका युनिटात सतरा तासही जळत नाही, नऊ वॅटचा एलईडी एकशे अकरा तास जळतो. हा भागाकार त्यांनी २०१५ मध्ये उजाला योजना आली तेव्हाच करून ठेवला आणि घरातले सगळे दिवे एका रविवारात बदलले. मुलाने बसवून दिलेला एसी ते क्वचितच लावतात आणि लावलाच तर २७ वर, पंख्यासकट. २०२० पासून नवे एसी मुळात २४ अंशांवरच सुरू होतील अशी सोय सरकारने करायला लावली. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते हे त्यामागचं कारण अण्णांना तोंडपाठ आहे. पाहुणे आले की रिमोट सापडत नाही, ही त्यांनी स्वतः घातलेली भर.

तब्येतीच्या खात्यात मात्र याच माणसाच्या बेरजा वजाबाक्या होतात.

सुरुवात चांगली झाली होती. रक्तदाबाची गोळी आयुष्यभराची म्हटल्यावर अण्णांनी डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घेतलं, ॲम्लोडिपीन, आणि स्टेशनाजवळचं जनऔषधी दुकान गाठलं. तीच गोळी तिथे निम्म्याहून कमी किमतीत मिळाली. अण्णांनी ही बातमी बागेतल्या कट्ट्यावर फोडली आणि त्या महिन्यात आठ-दहा म्हाताऱ्यांचं औषध स्वस्त झालं. हे पुण्याचं काम, त्याबद्दल दुमत नाही. पण निम्मा खर्च वाचला की उरलेला निम्माही वाचेल का, असा विचार या जातीच्या माणसाला सुचतोच. एके दिवशी सोसायटीच्या मोफत शिबिरात रक्तदाब १२८ भरला. अण्णांनी निष्कर्ष काढला की आजार बरा झाला आणि गोळी एक दिवसाआड सुरू केली. दाब १२८ भरला तो गोळीमुळेच, हे त्यांना पटवायला डॉक्टरांना पुढल्या महिन्यात अर्धा तास लागला. तेव्हा तो १६४ होता. अण्णांना तिथेही समाधान की अर्ध्या तासाची फी पाच मिनिटांइतकीच पडली.

औषधांचा एक डबा आहे, पूर्वी चकलीचा होता. त्यात सहा वर्षांच्या तापखोकल्याचा इतिहास आहे. कुणाला पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं की अण्णा तिसऱ्या दिवशी घाम आल्याचं बघतात आणि उरलेल्या गोळ्या 'पुढच्या वेळेला' म्हणून डब्यात टाकतात. अशा औषधांच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती घेऊ नयेत म्हणून. तिच्याबद्दल २०१६ मध्ये केंद्र सरकारने मोहीमही काढली होती. अण्णांच्या डब्यात लाल रेघा भरपूर आहेत. मुदत उलटलेल्या पट्ट्यांवर ते म्हणतात, "छापलेली तारीख कंपनीच्या सोयीची असते." आश्चर्य असं की हाच माणूस सिलिंडरवरच्या तारखेसाठी जिना अडवतो.

तेलाचं तसंच. दिवाळीत चकल्या तळून उरलेलं तेल फोडणीला जातं, मग पापडाला, मग भज्यांना, आणि काळं होऊन फेसाळायला लागलं की दाराच्या बिजागऱ्यांना. हॉटेलवाल्यांनी तळणीचं तेल किती खराब होईपर्यंत वापरावं यावर २०१८ पासून कायद्याचं बंधन आहे. घरच्या कढईवर कोण धाड घालणार? काकू अधूनमधून कढई 'चुकून' कलंडवतात.

मग ती दाढ. जानेवारीत थंड पाण्याने कळ यायला लागली. दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं, बारीक कीड आहे, आज भरून टाकू, हजाराच्या आतलं काम. अण्णा म्हणाले, "विचार करून सांगतो." त्यांनी आठ महिने विचार केला. या काळात डाव्या बाजूने चावणं बंद झालं, लवंगेच्या तेलाच्या तीन बाटल्या संपल्या, तुरटीच्या गुळण्या झाल्या, रात्री दोनला उठून गालावर फडकं बांधणं झालं. आधी शेंगदाण्याची चिक्की बंद झाली, मग भाकरी. गणपतीत उकडीचा मोदकही त्यांनी उजव्या बाजूने खाल्ला. शेवटी गाल सुजला तेव्हा रूट कॅनॉल आणि वर टोपी, असे साडेनऊ हजार झाले. कालनिर्णयात त्या चौकोनात फक्त 'दात' असं लिहिलेलं आहे. आकडा नाही. पन्नास वर्षांच्या हिशेबातली ही एकमेव मोकळी जागा.

दाढेचं दुःख आणखी एका कारणाने खोल गेलं. सत्तरीपुढच्यांना पाच लाखांचं आयुष्मान संरक्षण ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं, तेव्हा अण्णांनी रांगेत पहिल्या दिवशी उभं राहून कार्ड काढलं होतं. पण ते दवाखान्यात दाखल होण्यासाठी आहे, बाहेरच्या बाहेर दाढ दुरुस्त करायला नाही. पाच लाख घरात असून साडेनऊ हजार खिशातून गेले, ही गोष्ट ते अजून कट्ट्यावर सांगतात.

काकू पासष्टच्या, त्यांना ते कार्ड नाही. त्यांच्यासाठी वेगळी पॉलिसी घ्यायची ठरली. फॉर्म भरून तयार होता, तोच ३ सप्टेंबर २०२५ ला जाहीर झालं की व्यक्तिगत आरोग्यविम्यावरचा अठरा टक्के कर २२ तारखेपासून शून्य. अण्णांनी फॉर्म परत घडी करून ठेवला. त्यांच्या सुदैवाने मध्ये पितृपक्ष होता, "या दिवसांत नवं काही घेत नाहीत" असं सांगायची सोय झाली. अडचण एवढीच की २२ ला घटस्थापना आणि घट बसण्याआधी माळा झाडायचा असतो.

"अगं, स्टुलावर चढू नकोस!"

"अहो, मग जाळी कोण काढणार?"

"बावीस तारखेनंतर पड, आत्ता नको."

अठरा दिवस काकू बाथरूममध्येसुद्धा अण्णांच्या देखरेखीखाली गेल्या. इतकी काळजी त्यांनी लग्नानंतर प्रथमच पाहिली. माळा शेवटी अण्णांनीच झाडला, कारण त्यांच्याकडे कार्ड होतं.

असाच हिशेब वाढत्या वयाचा. एसटीत पासष्टनंतर निम्मं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडली की २०२२ पासून प्रवास फुकट. अण्णा आत्ता एकाहत्तरचे आहेत. लवकर म्हातारं होण्याची इतकी घाई झालेला दुसरा माणूस विरळा. काकूंना २०२३ पासून बाई म्हणूनच निम्मं तिकीट, तेव्हा गावी जाताना दोघांचं मिळून एक पूर्ण तिकीट होतं. हा प्रवास अण्णांना मनापासून आवडतो.

आता काकूंबद्दल. हे घर अण्णांच्या पेन्सिलीवर चालतं, असं जिन्यात सगळे समजतात. काकूंनी हा समज कधी दूर केला नाही. त्या बाजारातून आल्या की अण्णा भाव विचारतात आणि काकू खरा भाव कधीच सांगत नाहीत. सफरचंद दोनशेचं असेल तर एकशेतीस, पनीर एकशे वीसचं असेल तर ऐंशी. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरीपार गेला तेव्हाही अण्णांच्या ताटात कोशिंबीर होती, चाळीस रुपये किलोवाली. अण्णा तो भाव अभिमानाने कट्ट्यावर सांगत आणि तिथले दोन जण पिशव्या घेऊन ते दुकान शोधायला निघत. मधली तफावत भिशीतून, रद्दीतून आणि धुऊन विकलेल्या दुधाच्या पिशव्यांतून भरून येते. रक्तदाब मोजायचं यंत्रही भिशीचंच. "माहेरून आलं," असं सांगितल्यामुळे अण्णा ते रोज वापरतात, फुकटची वस्तू वाया जाऊ नये म्हणून. गोळी आता काकू स्वतः हातावर ठेवतात, रोज, आणि पाणी पिईपर्यंत समोर उभ्या राहतात.

चकलीचा डबा मात्र अजून कपाटात आहे. तेव्हा वाचकहो, तुमच्या जिन्यातल्या अण्णांकडे चहाला जाल तेव्हा तो डबा मागून घ्या, मुदत संपलेल्या पट्ट्या वेगळ्या काढा आणि अण्णांची दुसरी दाढ दुखत असेल तर त्यांना याच आठवड्यात दाताच्या डॉक्टरांकडे न्या. रिक्षाचे पैसे तुम्ही द्या. नाहीतर ते चालत येतो म्हणतील आणि वाटेतून परत फिरतील.